गाडी परत आणा

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण वर्गात सांगितली, की मुलं हसतात. पण 'आणा म्हणजे किती?' असं विचारलं, तर बहुतेक वर्ग गप्प बसतो. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली आणि रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. त्यानंतर काही वर्षांत शेरही गेला. तरी एखादी गोष्ट आपल्याला अजून सोळा आणे पटते आणि शेरास सव्वाशेर भेटतोच. टेलिफोनची तबकडी गेली, पण फोन आपण 'फिरवतो'. फितीचा तुकडाही कुठे नसताना वर्तमानपत्रं 'चित्रफीत' हाती लागल्याची बातमी देतात. वस्तू जाते, शब्द मागे राहतो. भाषेत याची आपल्याला इतकी सवय आहे, की ते खटकतही नाही.

संगणकाच्या पोटातही असेच आणे आणि शेर आहेत. भाषेतला जुना शब्द सहसा कुणाचं काही बिघडवत नाही. यंत्रातली जुनी खूण मात्र बिघडवू शकते. आमच्या बाबतीत ते घडलं म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रयोग-शिबिरासाठी आम्हाला शाळांची एक लांबलचक यादी मिळाली होती. त्यातल्या एका खेड्यातले सर आधीच्या वर्षापासून 'यंदा नक्की येतो' म्हणत होते. निमंत्रणं पाठवताना आम्ही यादीत त्यांच्या गावाचं नाव टाइप करून शोधलं. संगणक म्हणाला, सापडलं नाही. निमंत्रण गेलं नाही. शिबिर उरकल्यावर सरांचा फोन आला, "आमची शाळा यंदा वगळलीत का हो?" आम्ही यादी कागदावर छापून घेतली आणि बोट ठेवून वाचत गेलो, तर गावाचं नाव स्वच्छ छापलेलं होतं. त्या नावात 'ऱ्ह' हे जोडाक्षर होतं. डोळ्यांना जे एक दिसत होतं, ते संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द होते.

हे कसं झालं ते शोधताना आम्ही दीडशे वर्षं मागे गेलो. वाट थोडी लांबची आहे, पण रंजक आहे. सुरुवात करू कळफलकावरच्या एका कळीपासून.

परत, पण कुठे?

ओळ संपली की आपण जी कळ दाबतो तिच्यावर बहुधा 'एंटर' लिहिलेलं असतं. काही संगणकांवर मात्र अजून 'रिटर्न' हा शब्द आहे. रिटर्न म्हणजे परत येणं. कोण परत येतं आणि कुठे? पडद्यावर तर काहीच परत येताना दिसत नाही.

ज्यांनी टंकलेखनाचा क्लास केला आहे त्यांना हे सांगायला नको. टाइपरायटरच्या माथ्यावर कागद धरणारा रूळ असतो आणि तो एका सरकत्या गाडीवर बसवलेला असतो. कळ दाबली की खिळा कागदावर आपटतो आणि गाडी एक घर डावीकडे सरकते. ओळ संपत आली की घंटी वाजते. मग डाव्या बाजूची दांडी धरून गाडी उजवीकडे ढकलायची. त्या एका झटक्यात दोन कामं होतात. कागद एक ओळ वर चढतो आणि गाडी ओळीच्या सुरुवातीला परत येते. ही दोन कामं वेगळी आहेत, हे टाइप करणाऱ्याला जाणवतही नाही. हात एक, दांडी एक. (शिफ्ट ही कळही इथलीच. १८७८ च्या रेमिंग्टन यंत्रात ती दाबली की अख्खी गाडी खरोखरच सरकायची आणि त्याच खिळ्यावरचं दुसरं अक्षर उमटायचं.)

हेच काम लांब बसून, तारेवरून करायचं ठरलं तेव्हा पंचाईत झाली. तारेच्या दुसऱ्या टोकाला दांडी ढकलायला माणूस नाही. मग 'गाडी परत आण' हाही एक संदेश व्हायला हवा आणि 'कागद वर घे' हाही. म्हणजे, कागदावर ज्यांचा ठसाच उमटत नाही अशी 'अक्षरं' हवीत.

तारायंत्राची सुरुवात मोर्सच्या कडकट्टनं झाली. त्यात प्रत्येक अक्षराची लांबी वेगळी. माणसाचा कान ती सहज ओळखतो, यंत्राला मात्र सगळी अक्षरं एकाच मापाची असली की बरं पडतं. फ्रान्सच्या तारखात्यातल्या एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये तसा संकेत तयार केला. प्रत्येक अक्षराला पाच खुणा, प्रत्येक खूण एकतर 'आहे' किंवा 'नाही'. दोनचा पाचवा घात बत्तीस. रोमन लिपीची सव्वीस अक्षरं त्यात बसली, आकडे मात्र उरले. त्यावर तोडगा असा, की 'इथून पुढे आकडे' आणि 'इथून पुढे अक्षरं' असे दोन संकेत राखून ठेवायचे, म्हणजे तीच घरं दोनदा वापरता येतात. तारेत गडबड होऊन यातला एक संकेत हरवला, की पुढचा सगळा मजकूर अगम्य. बोदोंच्या यंत्राला पियानोसारख्या पाच कळा होत्या, दोन डाव्या हाताला आणि तीन उजव्या. यंत्राच्या ठेक्याबरोबर त्या दाबाव्या लागत, त्यामुळे कुठल्या अक्षराला कुठली जोडणी द्यायची हे बोटांची दमणूक पाहून ठरवलेलं होतं.

डोनाल्ड मरे यांनी बोटं मोकळी केली. मरे मूळचे न्यूझीलंडचे, पेशानं पत्रकार. त्यांची पद्धत १९०१ च्या सुमाराची. माणसानं टाइपरायटरसारख्या कळफलकावर टाइप करायचं, यंत्रानं त्याप्रमाणे कागदी फितीवर भोकं पाडायची आणि मग ती फीत तारेवर 'वाजवायची'. आता बोटांच्या दमणुकीचा प्रश्न उरला नाही. प्रश्न आला तो यंत्राच्या झिजेचा. जितकी भोकं जास्त तितकी झीज जास्त. म्हणून इंग्रजीत जी अक्षरं सारखी लागतात त्यांना मरे यांनी कमीत कमी भोकं दिली. पुढे यातूनच आंतरराष्ट्रीय संकेत तयार झाला. पाच घरांत एकच भोक असलेल्या जोडण्या पाचच होऊ शकतात. त्या कुणाला मिळाल्या पाहा : ई, टी, दोन शब्दांमधली मोकळी जागा, 'गाडी परत' आणि 'कागद वर'. टाइपरायटरवर एका झटक्यात होणारी कामं अशी दोन स्वतंत्र चिन्हं झाली आणि ती आजतागायत स्वतंत्र आहेत.

भोक बुजवता येत नाही

फितीची एक अडचण होती. टाइप करताना चूक झाली तर? कागदावरचं खोडता येतं, भोक बुजवता येत नाही. पण आणखी भोकं पाडता येतात! मग फीत एक घर मागे घ्यायची आणि चुकलेल्या अक्षरावर होती नव्हती ती सगळी भोकं पाडून टाकायची. सगळी भोकं असलेलं घर दिसलं, की वाचणाऱ्या यंत्रानं ते सोडून पुढे जायचं. आम्हाला हा उपाय फार आवडतो. मूळ अक्षर कुठलंही असो, खोडल्यावर एकच खूण उरते, आणि त्यासाठी नवं कुठलंही यंत्र लागत नाही. वर्गात चौकटीच्या कागदावर पाच-पाच घरांच्या रांगा आखून मुलांना हा खेळ खेळायला द्यावा. एकानं संदेश 'पाडायचा', दुसऱ्यानं वाचायचा, चूक झाली तर रबर वापरायचं नाही.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. संगणक आणि दूरमुद्रक या दोघांसाठी मिळून एकच प्रमाण संकेत असावा म्हणून तिथे एक समिती बसली आणि १९६३ च्या जूनमध्ये 'ॲस्की' नावाचा तक्ता प्रसिद्ध झाला. पाचाऐवजी सात खुणा, म्हणून १२८ घरं, क्रमांक शून्य ते १२७. (रोमन लिपीतली लहान अक्षरंसुद्धा पहिल्या तक्त्यात नव्हती, ती १९६७ च्या आवृत्तीत आली.) त्यातली पहिली बत्तीस घरं आणि शेवटचं एक घर यांत छापायचं अक्षरच नाही. ते यंत्राला द्यायचे हुकूम. शून्य म्हणजे काही नाही, कोरी फीत. सात म्हणजे घंटी वाजव, आणि दूरमुद्रकाच्या पोटात खरोखरच एक घंटी असे. दहा म्हणजे कागद वर, तेरा म्हणजे गाडी परत. आणि खोडण्याचा हुकूम? बाकीचे सारे हुकूम सुरुवातीला शिस्तीत उभे असताना हा एकटाच पार शेवटी, १२७ क्रमांकावर. हे घर कुणी समजून-उमजून कोपऱ्यात टाकलेलं नाही. सातही भोकं पाडली की द्विमान पद्धतीत १११११११ होतात, आणि ती संख्या १२७. जागा भोकांनीच ठरवली. कागदी फीत केव्हाच गेली, पण आजच्या जागतिक अक्षरतक्त्यातही 'डिलीट' १२७ वरच आहे.

हा संकेत वापरणारा टेलिटाइप मॉडेल ३३ नावाचा दूरमुद्रक पुढे कितीतरी प्रयोगशाळांत संगणकाला जोडलेला असे. तो सेकंदाला दहा अक्षरं छापायचा. छापणारं डोकं ओळीच्या उजव्या टोकापासून डावीकडे यायला मात्र एका अक्षराच्या वेळात जमत नसे. 'गाडी परत' म्हटल्यावर लगेच पुढचं अक्षर पाठवलं, तर ते डोकं वाटेत असतानाच पानाच्या मधोमध कुठेतरी उमटायचं. म्हणून आधी तेरा पाठवायचा, मग दहा. कागद वर चढेपर्यंत डोकं मुक्कामाला पोचलेलं असे. तेवढ्यानंही भागलं नाही तर एकदोन शून्यं, म्हणजे कोरी अक्षरं, पाठवून वेळ काढायचा. दोन कामं, दोन चिन्हं आणि त्यांचा ठरावीक क्रम यामागे असा सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचा हिशेब होता.

मग पडदे आले. पडद्याला ना गाडी ना रूळ. ओळ संपली हे सांगायला एक खूण पुरे. पण कुठली एक? १९६९-७० मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्स लिहिणाऱ्यांनी, त्याआधीच्या मल्टिक्सचा कित्ता गिरवत, फाइलमध्ये फक्त दहा ठेवला. ॲपलच्या संगणकांनी फक्त तेरा ठेवला. सीपी/एम नावाच्या प्रणालीनं दूरमुद्रकाची रीत जशीच्या तशी ठेवली, तेरा आणि दहा दोन्ही. १९८१ मध्ये तिच्याच वळणानं गेलेल्या एमएस-डॉसनं तेच उचललं आणि विंडोजला ते वारशानं मिळालं. २००१ मध्ये ॲपलनं आपली वाट बदलून युनिक्सची धरली. प्रत्येकाचा निर्णय त्याच्या जागी शहाणपणाचा होता. पण एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर उघडली, की सगळ्या ओळी एकमेकींना चिकटून एकच मैलभर लांब ओळ व्हायची. विंडोजच्या नोटपॅडला युनिक्सच्या ओळी नीट दाखवता यायला २०१८ साल उजाडलं. ईमेल पाठवताना तर नियमाप्रमाणे आजही प्रत्येक ओळीच्या शेवटी तेरा आणि दहा, याच क्रमानं, जातात.

शाळेत विंडोजचा संगणक असेल तर हे दोन मिनिटांत पाहता येतं. नोटपॅड उघडा, इंग्रजी कळफलक ठेवून एक हा आकडा टाइप करा, एंटर दाबा, दोन हा आकडा टाइप करा. फाइल साठवून तिचं आकारमान पाहा. टाइप केले दोन आकडे आणि दाबली एक कळ, तरी आकारमान चार बाइट भरेल. चौथा बाइट हा त्या गाडीचा.

एकशे अठ्ठावीस घरांत आपण कुठे?

ॲस्कीच्या १२८ घरांत फ्रेंच किंवा जर्मन भाषेतली टिंबं-मात्रावाली अक्षरंसुद्धा नव्हती, तिथे देवनागरीची काय कथा. समितीला दोष देण्यात अर्थ नाही. ती अमेरिकन मालासाठी अमेरिकन प्रमाण ठरवत होती. पण संगणक जगभर गेले आणि तक्ता त्यांच्याबरोबर गेला.

संगणकाचा बाइट आठ खुणांचा असतो. म्हणजे सात वापरून झाल्यावर आणखी १२८ घरं मिळतात. त्यात भारतीय लिपी बसवण्याचं काम कानपूरच्या आयआयटीत आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये झालं आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं 'इस्की' हे प्रमाण जाहीर केलं. त्यातली कल्पना सुरेख होती. देवनागरी, बंगाली, तमिळ, कन्नड अशा सगळ्या लिप्यांचा सांगाडा एकच आहे, तर सगळ्यांच्या 'क'ला एकच क्रमांक द्यायचा.

पण व्यवहारात बहुतेक छापखान्यांनी जवळची वाट धरली. क्रमांक इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा, फक्त त्या जागी मराठी आकार काढायचा. संगणकाला वाटतं आपण इंग्रजी छापतोय, कागदावर मात्र मराठी उमटते. अक्षरसंच बनवणाऱ्या प्रत्येकाची मांडणी वेगळी. छापून झालं की काम झालं, मजकूर पुन्हा वाचायचा आहे हा विचारच त्यात नव्हता. आमच्या शाळेतल्या बाईंनी निवृत्त झाल्यावर आम्हाला दोन फ्लॉपी दिल्या होत्या. त्यांत त्यांनी १९९० च्या दशकात वर्षानुवर्षं जमवलेले विज्ञानाचे प्रश्न आहेत. मजकूर सुखरूप आहे. उघडला की पडद्यावर कंस, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं सांडतात. ज्या अक्षरसंचात बाईंनी ते लिहिले, तो आज आमच्याकडे नाही. मोडी वाचणारे उरले नाहीत म्हणून आपण हळहळतो. मोडीचे दस्त शेकडो वर्षांचे तरी आहेत, बाईंचे प्रश्न तिशीतले.

या गोंधळावर उपाय निघाला तो युनिकोडचा. जगातल्या सगळ्या लिप्यांना मिळून एकच तक्ता. पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून घेतलेली. तक्त्याची पहिली १२८ घरं मात्र ॲस्कीची, घंटी आणि गाडीसकट. १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी हा तक्ता बाइटांत मांडण्याची यूटीएफ-८ ही पद्धत काढली. तिच्यात ॲस्कीच्या चिन्हाला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. जुन्या फाइली न मोडता नवं सामावून घ्यायचं तर असंच करावं लागणार होतं, हे आम्हालाही पटतं. पण मोबाइलच्या एका साध्या संदेशात इंग्रजीची १६० अक्षरं मावतात आणि मराठीची ७०, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, हेही विसरता येत नाही.

दर्या आणि दऱ्या

आता त्या गावाच्या नावाकडे येऊ.

मराठीत 'र' दुसऱ्या व्यंजनाला दोन तऱ्हांनी जोडला जातो. 'दर्या' म्हणजे समुद्र. इथे 'र' आधीच्या अक्षराला टेकून उच्चारला जातो, दर्-या, आणि 'द'वर आघात येतो. म्हणून लिहिताना रफार. 'दऱ्या' म्हणजे दरीचं अनेकवचन. इथे 'र' पुढच्या अक्षरात मिसळतो आणि 'द'वर आघात येत नाही. म्हणून तो 'य'च्या पुढे छोट्या चंद्रकोरीसारखा लिहायचा. ही लेखनातली नुसती हौस नाही. आचार्यास दक्षिणा देणं आणि आचाऱ्यास दक्षिणा देणं यात गुरुजी आणि स्वयंपाकी इतका फरक आहे. 'दुसऱ्या', 'साऱ्या', 'पायऱ्या', 'तऱ्हा' असे शब्द आपल्याला पानोपानी लागतात, या लेखातच मोजून पाहा. हिंदीला मात्र या रूपाची गरज पडत नाही. नेपाळीला पडते.

खिळे जुळवून छापत होते तेव्हा प्रश्न नव्हता. हवा तो आकार हातानं उचलायचा. संगणकात आकार साठवत नाहीत, अक्षरांचे क्रमांक साठवतात. र, हलन्त, य असे तीन क्रमांक ओळीनं आले, की संगणक रफार देतो, 'र्य'. मग 'ऱ्य' कसा सांगायचा?

इस्कीत 'र'खाली टिंब असलेलं 'ऱ' हे अक्षर होतं. ते मराठीसाठी नव्हतंच. तमिळ, मलयाळममधला एक वेगळा, कठीण 'र' देवनागरीत लिहिता यावा म्हणून ते ठेवलेलं. मराठीला त्या अक्षराची गरज नाही, पण ते अक्षर रिकामं आहे, तर त्याचं अर्धं रूप म्हणजे मराठीची चंद्रकोर मानू, अशी सोय केली गेली. म्हणजे 'दऱ्या' लिहिताना संगणकाच्या पोटात आपण एक द्राविडी अक्षर लिहितो, पडद्यावर मात्र ते अस्सल मराठी दिसतं.

युनिकोडच्या १९९६ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत वेगळीच वाट होती. नेहमीचा 'र', हलन्त, आणि त्यानंतर एक अदृश्य चिन्ह, ज्याला रुंदीच नाही. 'मागचं पुढच्याला जोडून, अर्ध्या रूपात दाखव' एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतरच्या आवृत्त्यांनी इस्कीची रीत मान्य केली, पण आधी लिहिलेला मजकूर बिघडू नये म्हणून ही दुसरीही चालू ठेवली. काही कळफलक एक रीत वापरतात, काही दुसरी. टाइप करणाऱ्याला याचा पत्ता नसतो. युनिकोडमध्ये काही जोडरूपं सारखीच मानावीत असे नियम आहेत, पण या दोन रूपांसाठी तसा नियम नाही. उलट वर्णक्रम लावताना त्या अदृश्य चिन्हाकडे दुर्लक्ष करावं, असा सर्वसाधारण नियम आहे. तसं केलं की दऱ्यांचा दर्या होतो.

आमच्या यादीत घडलं ते हेच. यादी टाइप करणाऱ्याचा कळफलक एका रीतीचा, आमचा दुसऱ्या. शोधणारा संगणक आकार पाहत नव्हता, क्रमांक पाहत होता, आणि ते जुळत नव्हते. 'ऱ्ह' असलेल्या इतर गावांचंही तेच झालेलं असणार. वर्गोन्नतीच्या, शिष्यवृत्तीच्या, मतदारांच्या याद्या आज संगणकावरच असतात. गावांत जसा 'ऱ्ह' आहे तसा तो आडनावांतही आहे.

हाही प्रयोग करता येतो. नोटपॅडमध्ये 'दऱ्या' हा एकच शब्द लिहा आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा. मग दुसऱ्या कळफलकानं, किंवा मोबाइलवर टाइप करून आणून, तोच शब्द दुसऱ्या फाइलमध्ये लिहा. इस्कीच्या रीतीनं पाच चिन्हं होतात (द, ऱ, हलन्त, य, काना), म्हणजे १५ बाइट. अदृश्य चिन्हाच्या रीतीनं सहा, म्हणजे १८ बाइट. पडद्यावर दोन्ही शब्द जुळ्या भावांसारखे दिसतील. (नोटपॅडची आवृत्ती जुनी असेल तर दोन्ही फाइलींत सुरुवातीला तीन बाइट जास्त पडतात, ते वजा करावेत.) सरकारी इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून जे दाबलं की 'ऱ' मिळतो, मग हलन्त, मग 'य'. म्हणजे खात्रीनं पहिली रीत.

'ॲ'चीही गोष्ट अशीच. ॲसिड, ॲल्युमिनियम, ॲमीटर हे शब्द विज्ञानाच्या शिक्षकाला रोज लागतात. हिंदीच्या सोयीनं तक्त्यात 'ऍ' होता, मराठी वळणाचा 'ॲ' नव्हता. त्याला युनिकोडमध्ये स्वतःचं घर मिळालं ते २००८ मध्ये. तोपर्यंतची सतरा वर्षं कुणी 'अ'वर चंद्र चढवला, कुणी 'ऍ' चालवून घेतला, आणि त्या काळातल्या मजकुरात ॲसिड शोधायचं तर आजही तीन वेळा शोधावं लागतं.

आमच्यापुरता उपाय साधा निघाला. यादीतल्या सगळ्या 'ऱ'ची दोन्ही रूपं तपासून एकाच रूपात आणली. त्यात आणखी काही शाळा 'सापडल्या', ज्यांचे फोन आले नव्हते. सर पुढच्या वर्षीच्या शिबिराला आले. येताना त्यांनी आठवीच्या मुलांकडून जमवलेले कागद आणले होते : दऱ्या, सुऱ्या, कैऱ्या, भाकऱ्या, शिदोऱ्या, कुऱ्हाड, वऱ्हाड अशी ओळीनं हातानं लिहिलेली यादी. गावाचं नाव पहिलं होतं आणि त्याच्यापुढे कुणीतरी शाईनं लिहिलं होतं, '१५ बाइट की १८?'